लुगड्यांच्या पुस्तकाचे चौथे पान

माझ्या मुलीला पहिली मुलगी झाली आणि त्याच आठवड्यात कल्याणी गावातल्या आमच्या दारात हेळवी येऊन उभा राहिला. हेळवी म्हणजे आमच्याकडचा वंशावळ सांभाळणारा माणूस. सुगी झाली की बैलावर बसून, घंटा वाजवत तो गावोगाव फिरतो. ज्या दारात उतरेल त्या घराच्या पिढ्यान्‌पिढ्या एका दमात म्हणून दाखवतो, मधल्या काळात झालेले जन्म वहीत टिपून घेतो आणि जोंधळे, एखादे जुने धोतर घेऊन पुढच्या दाराला जातो. तो आला की आमच्या घरातल्या पुरुषांची छाती उगीचच रुंद होते. ओसरीवर घोंगडे पडते, पानसुपारी येते आणि खापरपणजोबापासून सुरुवात होते.

त्या साली माझ्या धाकट्या दिरांना नातू झाला होता. त्याचे नाव हेळव्याने मोठ्या थाटात लिहून घेतले. मी दारातून म्हणाले, "आमच्याकडं बी लेकरू झालंय. ते बी घ्या लिहून."

"पोरगा?"

"पोरगी. लेकीची."

"मग ती इथं येत न्हाई, अव्वा," तो म्हणाला. माणूस नम्र होता. "लेकीचं लेकरू तिच्या बापाच्या हेळव्याकडं."

"तो तरी लिहील का?"

तो जरा घुटमळला. "पोरीचं नाव कोण लिहितंय? 'एक लेक, अमक्या गावी दिली', एवढंच असतंय."

"मग माझं काय लिहिलंय तुमच्या वहीत?"

"वैनी, चहाचं बघा की जरा," दीर म्हणाले.

मी हलले नाही. हेळव्याने पाने उलटली, एका ओळीवर बोट ठेवले आणि आमच्या मालकांचे नाव वाचले. त्याच्यापुढे लिहिले होते, 'आळंदची सोयरीक.' एवढेच.

या आळंदच्या सोयरिकीने रझाकारांच्या दिवसांत सगळे घर एका गाडीत घालून सोलापूरच्या बाजूला नेले. सासूबाईंचे दुखणे काढले, दिरांची लग्ने केली, पोलीस अ‍ॅक्शननंतर परत येऊन पडकी भिंत स्वतः उभी राहून घालून घेतली. आणि वहीत तिची नोंद कशी, तर बैल कुठल्या बाजारातून आणला ते लिहावे तशी. मी चहा केला, कारण तो करायचाच होता. पण कप ओसरीवर ठेवताना मी दिरांना सांगितले, "तुमची वही तुम्हाला लखलाभ. माझ्या नातीची मी वेगळी करते."

दीर हसले. ते हसले नसते तर कदाचित मी विसरूनही गेले असते. बाळंतिणीच्या घरात दुसरी कामे काय कमी असतात?

पुस्तक कापडाचे करायचे ठरवले. कागदाला वाळवी लागते आणि लेकरू तो तोंडात घालते. कापड धुता येते. शिवाय कापडावर काम करणे मला येते. लहानपणापासून खणांवर आणि टोपड्यांवर कशिदा काढत आले आहे. पद्धत अशी ठरवली: प्रत्येक बाईचे एक पान. ते पान तिच्याच लुगड्याच्या तुकड्याचे. त्यावर रेशमाने तिची नावे भरायची, मागे मांजरपाट लावायचा म्हणजे टाक्यांच्या गाठी दिसत नाहीत, आणि दोन्ही कापडे चिंचोक्याच्या खळीने एकमेकांना चिकटवून उन्हात वाळवायची. खळ नीट शिजली असेल तर पान पुठ्ठ्यासारखे ताठ होते. मग कडा दुमडून, सगळी पाने एका बाजूने शिवून टाकायची.

नावे म्हटले, कारण आमच्यात बाईला दोन असतात. पाळण्यात ठेवलेले एक आणि लग्नात बदललेले दुसरे. माझेही बदलले. हळदीचे अंग घेऊन मी पाटावर बसले होते, कोणीतरी तांदळात अंगठीने काहीतरी लिहिले आणि वाचून दाखवले, आणि त्या दिवसापासून माझ्या जुन्या नावाने हाक मारली तर मी ओ द्यायची नाही, असे ठरले. मला कोणी विचारले नाही. जनावर विकल्यावरही नवा मालक महिनाभर जुन्याच नावाने हाक मारतो. माझ्या पुस्तकात दोन्ही नावे येणार, पाळण्यातले आधी. ही नावे मी इथे लिहिणार नाही. ती माझ्या नातीची आहेत.

पहिले पान मुलीचे, दुसरे माझे, तिसरे माझ्या आईचे. आई जाऊन बरीच वर्षे झाली, पण तिची दोन्ही नावे मला माहीत होती. चौथे पान आईच्या आईचे. तिचे कापडही होते. गाव सोडून गेलो तेव्हा कपड्यांची पेटी गेली, पण गाडीत पोरांच्या अंगाखाली घातलेली वाकळ राहिली, आणि त्या वाकळेत आईने आजीच्या इरकली लुगड्याचा काठ लावलेला होता. तो मी उसवून काढला. धुऊन, इस्त्रीसाठी तांब्यात निखारे घालून फिरवला. सुई ओवली. आणि लक्षात आले की मला आजीचे एकच नाव माहीत आहे, तेही सासरचे.

आळंदला भावाला निरोप धाडून विचारले. त्याला सासरचेही माहीत नव्हते.

आजीचे माहेर निंबर्ग्याचे. बारशाला अजून आठवडा होता. मी ठरवले की जाऊन यायचे. आमचे मालक आडत दुकानातून जेवायला आले होते. ते म्हणाले, "बाळंतीण घरात, लेकरू पाळण्यात, आन्‌ तू निंबर्ग्याला जायलीस? कामून? एका नावासाठी?"

"एका नावासाठीच."

"तिकडून काय करणार ते आणून? ती तर जाऊन तीस वर्षं झाली."

"तुमचे खापरपणजोबा काय कालच गेले का? त्यांचं नाव तर रोज उगाळायलाव."

बाळंतिणीला जावेच्या हवाली केले, शेक-शेगडीचे सांगून ठेवले आणि सकाळच्या सरकारी बसने आळंदला निघाले. तिथून पुढे बैलगाडीने निंबर्गा.

तिथे आजीच्या भावाचा नातू घरचा कर्ता. माझ्याहून मोठा, म्हणून मी त्याला अण्णा म्हणते; तोही मला मानाने अक्का म्हणतो. त्याने चांगले स्वागत केले, पाय धुवायला पाणी दिले, कुशल विचारले. मी कामाचे बोलले तेव्हा त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"अज्जीचं माहेरचं नाव? आम्ही तर तिला अज्जीच म्हणायचो."

"तिला नाव असंल की, अण्णा."

"असंल. पर अज्जीला नाव कामून लागतंय?"

शेजारचे दोघे म्हातारे येऊन बसले होते. त्यांनाही माहीत नव्हते. पण मी आलेच आहे तर मला घराण्याची माहिती द्यावी, असे अण्णाला वाटले. त्याने आपल्या बापापासून मागे मागे जात कितीतरी पुरुष सांगितले. कोणी विहीर खणली, कोणी गावची पाटीलकी नाकारली. मग पणजोबांच्या घोडीवर आला. अबलख घोडी होती. तालुकदाराने मागितली तरी पणजोबांनी दिली नाही. तिचे नाव अण्णाने मला सांगितले. तिच्या शिंगराचेही सांगितले.

"घोडीचं नाव पाठ हाय तुला," मी म्हणाले.

"पाठ म्हंजे? या घराचं नाक हुती ती!"

"आन्‌ त्याच घरात, त्याच पणजोबाच्या पोटची लेक. तिचं न्हाई."

"अक्का, लेक दिली की गेली. घोडी मरंस्तवर इथंच हुती," अण्णा म्हणाला. त्यात त्याला काही वावगे वाटले नाही. दोघा म्हाताऱ्यांनीही माना डोलावल्या. मी पाण्याचा तांब्या तिथेच ठेवून आत गेले, कारण बाहेर आणखी बसले असते तर पाहुणी म्हणून येणे आणि भांडून जाणे एकाच दिवशी झाले असते.

आत अण्णाची आई तुरीची डाळ निवडत बसली होती. माझी मामी. पाठीतून वाकलेली, डोळ्यांनी अधू, पण डाळीतला खडा बोटांनीच ओळखत होती. ती या घरात लहान वयात सून म्हणून आली तेव्हा माझी आजी तिच्या सासऱ्यांची सख्खी बहीण, म्हणजे तिची आतेसासू. पंचमीला दरवर्षी माहेरी येणारी.

"मामी, पंचमीला आजी आली की तिला घरचे कसे हाक मारायचे?"

"जुन्या नावानं. माहेरात दुसरं कोण घेतंय?"

"मग तुम्ही ऐकलंय ते."

"ऐकलंय म्हंजे? माझी सासू अंगणातून मोठ्यानं वरडायची. आख्ख्या गल्लीला ऐकू जायचं."

"मग सांगा की."

मामीने डाळीत बोटे फिरवली. "मी कसं सांगू, पोरी? आतेसासूचं नाव."

मला आधी कळलेच नाही. मग कळले तेव्हा डोक्यात तिडीक गेली. आमच्याकडे सून थोरांचे नाव घेत नाही, हे मला काय नवीन नव्हते. सासऱ्यांच्या नावात एखादी वस्तू आली तर ती वस्तू बायका जन्मभर वेगळ्या शब्दाने सांगतात. पण ती माणसे गेली, त्यांच्या मातीवर गवत उगवले, आणि जगात त्या नावाची एकच धनीण उरली, तीही गप्प!

"मामी, ती कधीच गेली. मामंजी गेले, सासू गेली, मामा गेले. या घरात आता तुमच्याहून थोर कोण हाय? कुणाला भ्यायलाव?"

"भ्यायले न्हाई गं. थोरांचं नाव घेतलं तर त्यांचं आयुष्य कमी होतंय म्हणत्यात."

"आता काय कमी होणार हाय?"

"ते मला कळतंय. जिभेला कुठं कळतंय?"

"बरं, कानात सांगा. हळू."

"हळू म्हणलं तरी घेतलंच की."

मी मग दुसरा मार्ग काढला. मी एकेक नाव घेते, तुम्ही नुसती मान हलवा, म्हटले. मामीला हा खेळ आवडला. मी देवींची नावे घेतली, नद्यांची घेतली, वचने रचणाऱ्या शरणींची घेतली, फुलांची घेतली. आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांची घेतली. मामी प्रत्येक नावाला "न्हाई" म्हणायची आणि हसायची. शेवटी माझी नावे संपली.

"आता कुणी ठेवत न्हाई तसलं," मामी म्हणाली. "तुला घावायचं न्हाई."

मी एवढी संतापले की सुपातली डाळ मीच निवडायला घेतली. एक घर एका बाईचे नाव विसरते, आणि ज्या बाईला आठवते तिची जीभ त्याच घराने बांधून ठेवलेली. इतके पक्के कुलूप कोणी मुद्दाम करायला गेले तरी जमायचे नाही. मग मामीनेच विचारले, "बारसं कवा हाय?"

मी सांगितले.

"बारशात लेकराच्या कानात नाव सांगायला मुभा असती. कुणाचं बी सांगावं. तिथं ते नाव थोराचं ऱ्हात न्हाई, त्या लेकराचं हुतंय." तिने सूप माझ्याकडून काढून घेतले. "मला घिऊन चल. मी पोरीच्या कानात सांगते."

अण्णाला हे कळले तेव्हा तो चिडला. "अव्वा, तुला दारातल्या कट्ट्यावरून उतरायला हात लागतो. कल्याणीला जायलीस? बसमध्ये ओकून ओकून मरशील. आन्‌ गाडी मोकळी न्हाई, कडबा आणायचाय."

"तुझी गाडी ठिव," मामी म्हणाली. "शेजाऱ्याची न्हेते. आन्‌ मेले तर तिथंच मूठमाती द्या म्हणावं. कल्याणीची माती काय वाईट न्हाई."

ती ओकली, हे खरे. दोनदा. पण आली.

घरी आल्यावर तीनचार दिवस मी तिच्या मागे होते. आज सांगेल, उद्या सांगेल. तिचे एकच, बारशाला. एकदा मी मालकांजवळ कुरकुरले, तर ते पान लावता लावता म्हणाले, "तू माझं नाव कवा घेतलंस गं? इतक्या वर्षांत एकदा तरी? मग त्या म्हातारीला कामून बोल लावायलीस?"

"तुमचं नाव दुकानाच्या पाटीवर हाय," मी म्हणाले. "कंट्रोलच्या कार्डावर हाय. शेताच्या कागदावर हाय, हेळव्याच्या वहीत हाय. मी घेतलं न्हाई म्हणून ते बुडत न्हाई. तिचं एका जिभेवर हाय, आन्‌ ती जीभ दोनचार वर्षांची सोबती हाय."

मालकांनी पान तोंडात टाकले. नंतर त्यांनी दुकानातून तांबड्या रेशमाची लड पाठवून दिली. मी मागितली नव्हती. समजूत पटली की जेवण चुकू नये म्हणून, ते मी विचारले नाही.

बारशाच्या आदल्या दिवशी खटकचिंचोळीहून मुलीच्या सासरची मंडळी आली. विहीणबाई, मुलाची बहीण, म्हणजे लेकराची आत्या, आणि पाठोपाठ दोन टोपल्या. विहीणबाईंनी लेकरू पाहिले, तोंड बारीक करून "रंग बापावर गेलाय" म्हणाल्या, आणि मग माझी उन्हात ठेवलेली पाने त्यांच्या नजरेस पडली.

"ह्या चिंध्या कामून वाळत घातल्याव, विहीणबाई?"

"पुस्तक हाय. नातीसाठी."

त्यांनी आईचे पान उचलून पाहिले, आणि कोणाचे ते कळल्यावर विस्तवावर हात पडावा तसे खाली ठेवले. "मेलेल्या बायांची लुगडी? लेकराच्या उशाला?"

"तुमच्यात दुपटी कशाची शिवत्यात हो? नव्या ताग्याची?"

"दुपट्यावर कोण मेलेल्याचं नाव लिहितंय का!"

"तेच तर. न लिहिता पांघरलं की चालतंय."

त्या आत जाऊन मुलीला म्हणाल्या, "तुझी आई फार शिकली गं." शिव्या देण्याचा हा आमच्याकडचा सभ्य प्रकार आहे. मुलगी घाबरली. रात्री जेवताना मला म्हणाली, "आई, ऱ्हाऊ दे ते पुस्तक. मला तिथं नांदायचंय." मला तिचा राग आला नाही. पण पुस्तक मी राहू दिले नाही.

बारसे नेहमीसारखे झाले. बाहेर मठाचे स्वामी आणि पुरुष मंडळी, आत बायका. पाळण्याला खण बांधला, घुगऱ्या वाटल्या. आत्याचा मान पहिला. तिने लेकराच्या कानाशी 'कुर्र' करून त्यांच्याकडे ठरलेले नाव घेतले आणि पाठीवर बायकांच्या हातचे धपाटे खाल्ले. त्या नावाबद्दल माझे काही म्हणणे नाही. चांगले नाव आहे, शाळेत तेच लागेल. मग बाकीच्या बायकांनी आपापल्या आवडीची नावे घेतली. पाच तरी व्हावी लागतात. आणि मग मी मामीला हाताला धरून पाळण्याजवळ नेले.

मी तिच्या अगदी खांद्याशी उभी होते. कान टवकारून. मामी वाकली, पदराचा आडोसा केला, 'कुर्र' केले आणि ओठ हलले. मला ऐकू आले ते एवढेच, 'कुर्र'.

"काय ठेवलं, मामी?" आत्याने विचारले.

"ठेवलं की."

"आम्हाला बी कळू द्या."

"जिचं तिला कळलं," मामी म्हणाली आणि घुगऱ्या मागितल्या.

बायका हसल्या. विहीणबाई सगळ्यांत जास्त. मी हसले नाही. नाव घेऊन आली, बसमध्ये ओकली, चार दिवस माझ्याकडे जेवली, आणि नाव कोणाला दिले, तर ज्याला अजून आई म्हणता येत नाही अशा जिवाला! आता त्या लेकराच्या कानातून ते मी कसे काढू? दिवसभर मी मामीशी कामापुरतेच बोलले. तिला ते कळलेही नाही, किंवा कळून तिने दाखवले नाही. संध्याकाळी चौथे पान, सुई आणि तांबडी लड मी ट्रंकेत टाकली आणि झाकण आदळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकराला न्हाऊ घालायला मामी बसली. तिनेच हट्ट धरला. न्हाणीत पाय पसरून बसली, लेकराला पायांवर घेतले, तेल चोळले, ऊन पाणी घातले. लेकरू किंचाळत होते. मी चुलीवरचे पाणी काढत होते, तेवढ्यात मामीचा आवाज आला. मोठ्याने, खणखणीत, अंगणातून कोणी हाक मारावी तसा. तिने लेकराला नावाने दटावले.

मी भांडे तसेच ठेवून न्हाणीच्या दारात गेले. मामीने पुन्हा नाव घेतले. "किती वरडायलीस गं," असे म्हणून पुन्हा घेतले. हात वर कर म्हणताना घेतले, नाक पुसताना घेतले. आयुष्यभर तोंडात धरून ठेवलेली वस्तू एकदाची चघळायला मिळावी तसे ती घेत होती. मला पाहून म्हणाली, "आता काय, लेकराचंच नाव. लेकराला हाक मारायला मला कुणाची बंदी हाय?"

खरोखरच ते नाव मला घावले नसते.

विहीणबाई अंगणात केस विंचरत होत्या. "हे कुठलं जुनाट नाव?" त्या म्हणाल्या. "म्हातारीचं असतंय तसलं."

"म्हातारी व्हायच्या आदी ती बी पोरच हुती की," मामीने आतून उत्तर दिले आणि लेकराच्या डोक्यावर पाण्याचा तांब्या ओतला.

मी ट्रंक उघडली. ओसरीवर, उजेडात, सगळ्यांच्या देखत बसले आणि नाव भरायला घेतले. दीर आत-बाहेर करताना पाहत होते. दुपारपर्यंत पाळण्यातले नाव झाले, खाली सासरचे झाले. मामीला दिसत नव्हते, म्हणून तिने टाक्यांवरून बोट फिरवले. एकदा, दोनदा. मग तिथेच बोट ठेवून म्हणाली, "आमच्यासारख्यांचं करत न्हाईस वाटतं तू?"

पुस्तक आईच्या बाजूने मागे जाणारे होते. मामी त्या ओळीत बसत नव्हती. पण ओळी आखणारे दुसरे पुष्कळ आहेत. मी म्हणाले, "करते की. तुमचं पाळण्यातलं नाव सांगा."

"माझं?"

"तुमचं. ते तर तुम्हाला घेता येतंय."

मामी बोलायला गेली आणि थांबली. तिने तोंड मिटले. पुन्हा उघडले. तिची नजर समोरच्या भिंतीवर होती, पण भिंत काही तिला दिसत नव्हती. "थांब हं," ती म्हणाली. "लई दिवसांत कुणी हाक मारली न्हाई." मी थांबले. ओसरीवर घुगऱ्यांचे उरलेले दाणे चिमण्या टिपत होत्या. एका चांगल्या डोक्याच्या बाईला, जिला पन्नास वर्षांपूर्वीच्या पंचमीची हाक आठवत होती, तिला स्वतःचे नाव शोधावे लागत होते. आणि मला इतका संताप आला की सुई बोटात गेली. कोणावर आला ते नेमके सांगता येत नाही. समोर असते तर सगळ्यांना एका रांगेत उभे करून सांगितले असते.

मग तिला ते सापडले. छोटे, दोन अक्षरी नाव होते. तिने ते दोनदा घेतले, बरोबर आहे की नाही ते पाहावे तसे, आणि लाजली.

"कापड?" मी विचारले. मला दुसरे काही बोलायचे नव्हते.

तिने नेसत्या लुगड्याच्या पदराचा कोपरा पुढे केला. "ह्येच घे. तसं बी फाटलंय."

मी कात्री लावली.

दुसऱ्या दिवशी अण्णा तिला न्यायला आला, तेव्हा अक्षरे भरून झाली होती, पण खळ नुकतीच लावली होती आणि पान उन्हात होते. अण्णाने टांगा दारात आणून उभा केला. "अक्का, चला लवकर करा. आळंदची बस चुकंल."

"चुकू दे," मी म्हणाले.

"आन्‌ मग?"

"मग उद्याची हाय. खळ वाळायची हाय अजून. तिचं पान वाळल्याबिगर ती हलणार न्हाई."

"कसलं पान?" अण्णाने आईकडे पाहिले. मामी पायरीवर, पानाला सावली पडणार नाही अशी बेताने सरकून बसली होती आणि जवळ येणाऱ्या कोंबडीला काठीने हाकत होती.

"बस इथं," ती मुलाला म्हणाली. "सावलीत बस. उन्हात उभा ऱ्हाऊ नगंस."